एका ओळीत फेटाळली

"फेटाळली म्हंजे, त्येनी वाचली का न्हाई?"

मावशीचा हा सवाल. निलंग्याच्या एसटी स्टँडवर, भर उन्हात, हातात वकिलानं दिलेला कागद. आमच्या त्या घोळक्यात मॅट्रिक झालेला मी एकटाच, तेव्हा सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. मी कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचला आणि म्हणालो, "वाचली असंल की." खोटं बोललो. मला माहीत नव्हतं.

हकीगत छोटी आहे. मावशीच्या पोरावर विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा आरोप आला. मोटर सापडली नाही, पोरगा सापडला. गावात मोटर चोरीला गेली की आधी आमच्या वस्तीत यायचं, ही रीत जुनी. खालच्या कोर्टात दोन वर्षांची सजा झाली. निकाल लागला तेव्हा मावशी आणि काका कर्नाटकात उसाच्या फडात, मुकादमाची उचल अंगावर. उचल फिटल्याशिवाय कोयता सोडून येता येत नाही, हे मराठवाड्यातल्या पोराला सांगावं लागत नाही. एका वकिलानं "अपील करतो" म्हणून सहा हजार घेतले आणि पाच महिन्यांनी अपील टाकलं. खालच्या फौजदारी कोर्टाच्या निकालावर सेशन्समध्ये अपील करायची मुदत ३० दिवसांची. उशीर का झाला ह्याचं कारण वरच्या कोर्टाला पटलं नाही. झालं. पोरगा चोर आहे की नाही, पंचनामा खरा की खोटा, साक्षीदार मालकाचाच भाऊ कसा – ह्यातलं काहीही कुणी बघितलं नाही. दार उघडलंच नाही तर आतलं काय दिसणार? कोर्टाचं नाव मी लिहीत नाही आणि वकिलाचंही नाही. नाव लिहिलं तर तुम्ही म्हणाल, तिथलीच गोष्ट आहे.

मावशीचा सवाल घेऊन मी लातूर एक्सप्रेसनं मुंबईला आलो, गोदीतल्या ठेकेदाराच्या टोळीत परत लागलो. पण सवाल डोक्यातून जाईना.

ग्रीन गेटातून बाहेर पडलं की पायी अर्ध्या तासाच्या आत हायकोर्ट. पाळी सुटल्यावर कधीकधी मी तिकडं जातो. १८७८ सालची ती काळी दगडी इमारत. वरच्या टोकाला दोन पुतळे – एक न्यायाचा, एक दयेचा. आत एका खांबावर म्हणे एक माकड कोरलंय, एका डोळ्यावर पट्टी आणि हातात तराजू. दगड घडवणाऱ्यानं जाताजाता आपलं मत नोंदवून ठेवलं असणार. ह्याच कोर्टात १९२३ पासून बाबासाहेबांनी वकिली केली. मी फुटपाथवर उभा राहतो, आत जायला मला काम नसतं. ज्यांना काम असतं ते बाहेर झाडाखाली वकिलाची वाट बघत बसलेले असतात. चेहरे आपल्या ओळखीचे. गावचेच वाटतात.

आमच्या अभ्यासवर्गात एका वकील दोस्तानं एक निकाल वाचायला दिला. ५ मार्च २०१९ चा, सुप्रीम कोर्टाचा. कायद्याच्या पुस्तकात त्याचं नाव 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. तीन रात्री लागल्या मला तो वाचायला, इंग्रजी आपलं असं तसंच. पण वाचला, आणि मावशीच्या सवालाचं उत्तर मिळालं.

दोस्तहो, नीट ऐका.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ पेरूच्या बागेत राहणारं एक कुटुंब. बागेची राखण करणारी, कष्टाची माणसं. दरोडेखोर आले, पैसे-दागिने घेतले, बायकांवर बलात्कार केला, पाच जीव घेतले. घरातली एक बाई आणि एक मुलगा, हे दोघं वाचले. गुन्हा इतका भयंकर की त्याबद्दल चार शब्द लिहितानाही हात आखडतो. ह्या लेखात आरोपींची बाजू घेणार आहे, म्हणून आधीच सांगतो, त्या बाईचं दुःख मी विसरलेलो नाही. तिचीच गोष्ट सांगायलोय.

दोन दिवसांत, ७ जूनला, त्या बाईपुढं पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम ठेवला. जखमी बाई. तिनं त्यातले चार फोटो ओळखले. हे, हे, हे आणि हे. ते तिनं मॅजिस्ट्रेटसमोर सांगितलं.

मग ते चौघं धरले का? नाही. धरले दुसरेच सहा जण. भटक्या जमातीतले, मोलमजुरी करून पोट भरणारे. त्यातला एक तर तेव्हा अठराच्या आतला पोरगा होता, हे २०१२ साली सिद्ध झालं, म्हणजे त्याला फाशी ठोठावून झाल्यावर! ओळख परेड झाली, त्यात हे सहा उभे केले, ओळखले गेले. आणि ७ जूनचा तो चार फोटोंचा कागद सरकारी पक्षानं कोर्टापुढं धड आणलाच नाही.

२००६ मध्ये नाशिकच्या कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये हायकोर्टानं गुन्हा कायम ठेवला, तिघांची फाशी ठेवली, तिघांची जन्मठेप केली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं – तिघांनाच का, सगळ्यांना फाशी पाहिजे. ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टानं सरकारचं ऐकलं. सहाच्या सहा फासावर.

आता ह्यातली मेख बघा. फाशी देताना गुन्हा बघायचा आणि गुन्हेगारही बघायचा – त्याचं वय, गरिबी, सुधारण्याची शक्यता – असं १९८० च्या बच्चनसिंग निकालात पाच न्यायमूर्तींनी सांगून ठेवलं होतं. पुढं राजस्थानातल्या रावजीच्या खटल्यात छोट्या खंडपीठानं ते बाजूला सारलं, नुसता गुन्हा बघा म्हणाले. रावजी १९९६ साली फासावर गेला. नाशिकच्या सहा जणांना फाशी देताना ह्याच रावजी निकालाचा आधार घेतला. आणि तेरा दिवसांनी, १३ मे २००९ ला, त्याच सुप्रीम कोर्टाच्या दुसऱ्या खंडपीठानं बरियार खटल्यात सांगितलं की रावजीचा निकाल चुकीचा आहे, त्याला धरून दिलेल्या फाशा चुकीच्या आहेत. रावजी मरून तेरा वर्षं झाली होती.

म्हणजे काय झालं? नाशिकच्या सहा जणांची शिक्षा ज्या खिळ्याला टांगली होती तो खिळा कोर्टानं स्वतःच उपटला. कुणीही म्हणेल, आता तरी कागद परत बघतील. पुनर्विचाराचा अर्ज केला होता. तो फेटाळला.

इथं मावशीच्या सवालाचं उत्तर आहे. पुनर्विचार अर्ज कसा बघतात? न्यायमूर्ती आपल्या दालनात बसतात, कागद ह्यांच्याकडून त्यांच्याकडं फिरतात. वकील उभा राहत नाही, आरोपी तर नाहीच नाही. कुणी बोलत नाही, कुणी विचारत नाही. निघतो तो एक छोटा हुकूम. जीव जाणार असला तरी हीच रीत होती. वाचली का न्हाई? मावशे, वाचली असंल. पण ज्याला समजावून सांगायचं होतं त्याला बाहेर ठेवून वाचली.

२ सप्टेंबर २०१४ पर्यंत ही रीत चालली. त्या दिवशी घटनापीठानं ठरवलं की फाशीच्या खटल्यात पुनर्विचार अर्ज तीन न्यायमूर्तींनी उघड्या कोर्टात ऐकायचा, वकिलाला बोलू द्यायचं, अर्धा तास का होईना. आणि ज्यांचे अर्ज आधी फेटाळलेत पण फाशी झालेली नाही, त्यांनाही दार उघडं. हा निकाल कुणाच्या अर्जावर आला? लाल किल्ल्यावरच्या हल्ल्यात फाशी झालेल्या मोहम्मद आरिफच्या. त्याच्या नावानं देशात कुणी मोर्चा काढला नसता, आपणही काढला नसता. त्याचा स्वतःचा अर्ज उघड्या कोर्टात ऐकून २०२२ च्या नोव्हेंबरात फेटाळला गेला. पण त्यानं किलकिलं केलेल्या दारातून आपल्या महाराष्ट्राची सहा माणसं जिवंत बाहेर आली. हे मी आरिफच्या कौतुकासाठी लिहीत नाही. ज्याचा सगळ्यांना राग येतो त्याचा हक्क राखला तरच आपला राहतो, असा हा हिशोब आहे आणि तो मला त्या रात्री पहिल्यांदा कळला.

दार उघडल्यावर काय झालं? ३१ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं २००९ चा आपलाच निकाल मागं घेतला. अपिलं नव्यानं ऐकली. ५ मार्च २०१९ ला तीन न्यायमूर्तींनी सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यांनी काय वेगळं बघितलं? नवा साक्षीदार नाही, नवा पुरावा नाही. तोच ७ जून २००३ चा कागद, तीच बाई, तेच चार फोटो. निकालात स्पष्ट लिहिलंय की हे आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळाचे, गरीब मजूर आहेत, आणि मोठ्या गुन्ह्यात अशा निरपराध माणसांना गोवणं ही सर्रास होणारी गोष्ट आहे. सुप्रीम कोर्ट म्हणतंय हे! आम्ही म्हटलं असतं तर भडक लिहितात म्हणाले असते.

आमच्याकडं गोदीत पोती मोजायला टॅली क्लार्क असतो. जहाजाचा हिशोब आणि गोदामाचा हिशोब जुळला नाही, दहा पोत्यांचा फरक आला, तर सगळा लॉट परत मोजतात. मुकादम शिव्या देतो, पाळी लांबते, पण मोजतात. कारण पोत्याला मालक असतो आणि मालकाला वकील असतो.

सोळा वर्षं. तुरुंगात गेले तेव्हा पोरं, निघाले तेव्हा अर्धं आयुष्य गेलेलं. नागपूरच्या तुरुंगात एकट्यानं कोंडलेले, माणसाशी बोलणं जवळपास बंद, रोज सकाळी आज का उद्या हीच धास्ती – हेही निकालात नोंदलंय. कोर्टानं सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांनी भागा. रोजाला नव्वद रुपये पण पडत नाहीत. ह्या पैशात मी गोदीत कामावर उभा राहणार नाही, हे तर फाशीच्या कोठडीत उभे होते.

आणि ती बाई? तिनं तिसऱ्या दिवशी बोट ठेवलं होतं. सोळा वर्षांनी कोर्टानं हुकूम दिला की त्या चौघांविरुद्ध पुढचा तपास करा, तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा. सोळा वर्षांनी! म्हणजे गरिबाचं ऐकायचं नाही हे ठरलं की आरोपीच्या पिंजऱ्यातला गरीब आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला गरीब, दोघांचंही ऐकलं जात नाही. सहा जणांची कैफियत फेटाळायच्या कितीतरी आधी त्या बाईची फेटाळली होती. ह्या खटल्यात ते एकमेकांचे शत्रू नव्हतेच.

आता आपल्या लोकांशी भांडतो. काही दोस्त चिडतील, चिडू द्या.

वस्तीवर अत्याचार झाला की आपला मोर्चा निघतो आणि पहिली घोषणा काय? "फाशी द्या! फाशी द्या!" मीही दिलीय, घसा बसेपर्यंत. २९ सप्टेंबर २००६ चं खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातले चार जण ठेचून मारले. तेव्हा मी लहान होतो, पण थोरल्यांच्या तोंडून ते ऐकतच वाढलो. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली. १४ जुलै २०१० ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ती २५ वर्षांच्या कैदेवर आणली, आणि हा जातीय गुन्हा मानायला नकार दिला. भैयालाल भोतमांगे सुप्रीम कोर्टाच्या दाराशी वाट बघत जानेवारी २०१७ मध्ये वारले.

तिकडं सहा, इकडं सहा. मला राग फाशी रद्द झाल्याचा येत नाही. पूर्वी यायचा. आता राग येतो तो अॅट्रॉसिटी कायदा त्या निकालातून गाळला ह्याचा. जात दिसलीच नाही त्यांना! चार मुडदे दिसले, जात दिसली नाही. आणि आपण काय मागत होतो? दोर. दोर सरकारच्या हातात असतो, दोस्तहो. तो कुणाच्या गळ्यात पडतो ते बघा जरा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं २०१६ साली देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास छापला. शंभरातले ७६ मागास जाती-जमातींचे किंवा अल्पसंख्य. शंभरातले ७४ आर्थिकदृष्ट्या दुबळे. आपण ज्याच्यासाठी दोर मागतो तो वाड्यातला माणूस त्या यादीत किती सापडणार? बागेतला मजूर मेला की पालावरचा मजूर धरायचा, हा पोलिसांचा सोपा मार्ग. आपल्या घोषणेनं तो आणखी सोपा होतो, कारण कुणालातरी लवकर फाशी पाहिजे म्हणून आपण ओरडत असतो.

बाबासाहेबांनी हे १९४९ सालीच बोलून ठेवलंय. जून महिना, घटना समितीत चर्चा चाललेली – फाशी झालेल्याला सुप्रीम कोर्टात अपिलाचा हक्क असावा का. बाबासाहेबांचं म्हणणं असं की अपिलाची अशी तरतूद करण्यापेक्षा मी फाशीच रद्द करायला पाठिंबा देईन. हा देश अहिंसेची नैतिक आज्ञा मानतो, तर फाशी काढून टाकणं हेच त्याला शोभेल. मोर्चात मी त्यांचा फोटो धरला होता आणि त्यांनी नको म्हटलेली गोष्ट मागत होतो. हे कळलं त्या दिवशी लाज वाटली.

आरोपीचा वकीलपत्र घेणं म्हणजे काय हेही त्यांच्याकडूनच शिकावं. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकरांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. पुण्याला सेशन्समध्ये त्यांचं अपील बाबासाहेबांनी लढवलं आणि शिक्षा उडवली. अपील म्हणजे काय ताकद असते ते बघा, फक्त ते ऐकून घेणारा पाहिजे आणि मांडणारा पाहिजे.

कोर्ट कधीच ऐकत नाही, असं म्हणणं सोपं आहे आणि चहाच्या टपरीवर ते मी पण म्हणतो. पण खरं नाही. परभणीचा सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबर २०२४ ला कोठडीत मेला. त्याची आई औरंगाबाद खंडपीठात गेली, प्रकाश आंबेडकर तिच्या बाजूनं उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला हायकोर्टानं गुन्हा नोंदवा असा हुकूम दिला. सरकार सुप्रीम कोर्टात धावलं, आणि ३० जुलैला सुप्रीम कोर्टानं सरकारची याचिका फेटाळली. बघा, तोच शब्द! पण ह्या वेळी तो सरकारच्या डोक्यावर पडला. कारण मागं माणसं उभी होती, आणि पहिल्या दिवसापासून वकील होता.

नाशिकच्या सहा जणांना २००३ च्या जूनमध्ये असा वकील असता, ज्यानं विचारलं असतं की त्या बाईनं अल्बममध्ये कुणाला ओळखलं – तर? माझ्या मावसभावाला तिसाव्या दिवसाच्या आत कुणी सांगितलं असतं की तुरुंगातूनही अपील करता येतं, अर्ज तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हातात दिला तरी चालतो – तर? १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, आणि कोठडीत असलेल्या कुणालाही, फुकट वकील मिळायला पाहिजे. तालुक्याच्या कोर्टात त्यासाठी समिती असते. हे आमच्या वस्तीत किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं, आणि मी कविता लिहितो, सभेत भाषणं ठोकतो.

म्हणून माझं म्हणणं असं की प्रत्येक वस्तीतल्या शाखेनं एक वही ठेवावी. कोण आत आहे, कुठल्या कलमाखाली, निकाल कधी लागला, तिसावा दिवस कुठला, साठावा कुठला. सेशन्सला तीस, हायकोर्टाला साठ. निकालाची नक्कल हातात घ्यावी, वकिलाच्या कपाटात ठेवू नये. आणि भटक्यांच्या पालावर आधी जावं, कारण त्यांच्याकडं शाखा नाही, पुतळा नाही, पुढारी नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातीचा कायदा १९५२ साली गेला, पण ठाण्यातला अल्बम गेला नाही. हे काम मोर्चासारखं दिसत नाही. फोटो छापून येत नाही. कविता तर ह्याच्यावर मुळीच होत नाही, मी दोनदा करून फाडल्या.

मावसभाऊ सजा भोगून आला. आता माझ्याच टोळीत आहे, आकडा माझ्यापेक्षा बरा चालवतो. परवा रात्री मी तो निकाल परत घेऊन बसलो होतो, तर शेजारी येऊन बसला.

"दादा, काय वाचायलास?"

सांगितलं सगळं. सहा जण, सोळा वर्षं, पाच लाख. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आन त्ये चार फोटो? त्यांचं काय झालं?"

मग उठला, आपली पत्र्याची पेटी उघडली आणि स्वतःच्या निकालाची नक्कल काढून माझ्या मांडीवर ठेवली. घडीवर फाटलेली, उसाच्या फडातून कुणाच्या तरी हातानं आलेली, कोपऱ्याला काळी. "हे बी वाच की," म्हणाला. आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली.